रानटी ल्युपिन रुजत का नाही?

प्रश्न : ताई, आम्ही मिशिगनमध्ये राहतो. मागचं अंगण रेताड आहे. फुलपाखरं यावीत म्हणून मे महिन्यात रानटी ल्युपिनचं बी पेरलं, भरपूर शेणखत घातलं. मोजकीच रोपं आली. ती उपटून दुसऱ्या वाफ्यात लावली, तर मेली. काय चुकलं?

उत्तर : अंगण रेताड आहे हे वाचून फार आनंद झाला, कारण ल्युपिनला तीच जमीन हवी. मग शेणखत कशाला? हे शेंगवर्गातलं झाड. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू त्याला हवेतला नत्र मिळवून देतात. खताने माजतं ते भोवतीचं गवत. बियांना जिवाणू संवर्धक लावायचं असेल, तर ल्युपिनसाठीचंच मागा, हरभऱ्याचं इथे चालत नाही.

बियांचं टरफल इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. पॉलिश पेपरवर हलकं घासा, रात्रभर भिजवा. सकाळी काही बिया टम्म फुगलेल्या दिसतील, त्या लगेच पेरा; उरलेल्या पुन्हा घासा. याहून सोपं म्हणजे थंडीच्या तोंडावर कोरडंच बी मातीत टाकणं. बाकीचं हिवाळा बघतो. पेरायचं मात्र कायमच्या जागी. सोटमूळ सरळ खोल जातं आणि ते दुखावलं की रोप सहसा जगत नाही.

पहिल्या वर्षी फक्त पानं येतील. तीही बघण्यासारखी असतात : सात ते अकरा पर्णिकांचा पंजा, आणि मधोमध पावसाचा एक टपोरा थेंब. निळे तुरे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. शेंगा वाळल्या की पिळवटून फुटतात, बी लांब उडतं. मुलांना बजावून ठेवा, त्या शेंगा विषारी असतात.

पाकिटावर ‘ल्युपिनस पेरेनिस’ हेच रानटी ल्युपिनचं शास्त्रीय नाव आहे ना, ते आधी बघा. अमेरिकेच्या पश्चिमेकडची ‘पॉलिफिलस’ ही ल्युपिनची दुसरी जात सर्रास विकली जाते. कार्नर ब्लू हे इवलंसं फुलपाखरू अमेरिकेत 1992 पासून संकटग्रस्त यादीत आहे आणि त्याच्या अळ्या पेरेनिसवरच वाढतात. तुमच्या राज्यात ते अजून आहे, पण जवळपास वस्ती असेल तरच तुमच्याकडे येईल. पानांवर पातळ पापुद्र्याच्या खिडक्या दिसल्या, तर औषध अजिबात मारू नका, अळ्या असू शकतात. जुलैत ल्युपिनला फुलं नसतात. तेव्हा फुलपाखरांना मध मिळावा म्हणून शेजारी मोनार्डा हे पुदिन्याच्या कुळातलं फुलझाड लावा.