वाचक विचारतात: साधने समोर, तरी पायथनला सापडेना

प्रश्न: ‘हिशेब’ या फोल्डरात ‘साधने’ आणि ‘कामे’ असे दोन फोल्डर आहेत. ‘कामे’मधली अहवाल.पीवाय ही फाइल ‘साधने’मधून इम्पोर्ट करते, म्हणजे तिथला कोड मागवून वापरते. पायचार्म या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये ती चालते. टर्मिनलमध्ये ‘हिशेब’मध्येच राहून ‘पायथन कामे/अहवाल.पीवाय’ दिलं, की ‘साधने’ नावाचं मॉड्यूल (इम्पोर्ट करता येणारी फाइल किंवा फोल्डर) नाही असा एरर येतो. फोल्डर इम्पोर्ट व्हावा म्हणून त्यात ठेवतात ती __इनिट__.पीवाय ही फाइलही घालून पाहिली.

उत्तर: तुम्ही टर्मिनलमध्ये कुठे आहात याला इथे महत्त्व नाही. फाइलचं नाव देऊन स्क्रिप्ट चालवली की पायथन सिस.पाथ या यादीत (मॉड्यूल कुठे शोधायची त्या फोल्डरांच्या यादीत) सर्वांत वर त्या फाइलचा फोल्डर ठेवतो, म्हणजे ‘कामे’. त्यात ‘साधने’ नाही. अहवाल.पीवायच्या पहिल्या दोन ओळींत सिस इम्पोर्ट करून सिस.पाथ प्रिंट करा, लगेच दिसेल. पायचार्म प्रकल्पाचा मूळ फोल्डर आपणहून त्या यादीत घालतो, म्हणून तिथे अडत नाही.

‘हिशेब’मध्येच राहून ‘पायथन -एम कामे.अहवाल’ द्या. तिरप्या रेघेऐवजी टिंब, आणि शेवटी पीवाय नको. ते राहिलं तर पुन्हा एरर येतो. -एम दिल्यावर यादीत वर चालू फोल्डर येतो.

इनिट फाइलचा दोष नाही. पायथन ३.३ पासून ती नसलेला फोल्डरही इम्पोर्ट होतो. पण आधी तो फोल्डर शोधयादीच्या वाटेवर हवा. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर सिस.पाथ.अपेंड लिहून यादीत फोल्डर घालण्याचा मोह मात्र टाळा. सापेक्ष पत्ता दिलात तर तो चालू फोल्डरावरून मोजला जातो, आणि दुसरीकडून चालवलं की सगळं पुन्हा मोडतं. प्रकल्प वाढणार असेल तर पायप्रोजेक्ट.टॉमल ही प्रकल्पाची माहिती देणारी फाइल लिहून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल -ई .’ एकदाच करा. शेवटचं टिंब विसरू नका.

प्रश्न: पायथनसोबतच येणाऱ्या रँडम मॉड्यूलमधलं रँडम.रँडइंट वापरलं तर रँडममध्ये असं काही नाही म्हणतो. स्पेलिंग बरोबर आहे.

उत्तर: तुमच्याच फोल्डरात रँडम.पीवाय नावाची फाइल असणार. स्क्रिप्टचा फोल्डर यादीत वर, म्हणून तीच आधी उचलली जाते. ‘प्रिंट(रँडम.__फाइल__)’ करा, कुठली फाइल उचलली त्याचा पूर्ण पत्ता येईल. फाइलचं नाव बदला, पुरे; पायथन आपणहून बनवतो तो __पायकॅश__ फोल्डर पुसायची गरज नाही. ३.१३ पासून एररमध्येच नाव बदलण्याचा सल्ला येतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ (फाइलींनी एकमेकींना इम्पोर्ट करणं) असं दिसू शकतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.