आधी वारा, मग ट्रेनर

ठाण्यात सातव्या मजल्यावर व्यायामासाठी 10 बाय 11 ची रिकामी खोली, हातात 80 हजार, घरात आठ गिअरची हायब्रिड सायकल, वापरणारे नवरा-बायको दोघं, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि डिसेंबरात पहिली 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. दुकानदार ट्रेडमिल आणि मल्टिजिम एकत्र स्वस्तात देतोय, ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. दोन्ही मिळून तुमची अर्धी खोली खातील आणि बीआरएमला दोन्हींचा उपयोग थोडाच. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर तुमच्याहून लहान खोलीत नऊ वर्षं ट्रेनर, म्हणजे आपली सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, चालवतेय. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. खोली वापरात राहते की बंद पडते हे ठरतं तिथल्या हवेवर, यंत्राची किंमत कितीही असो. म्हणून आधी वाऱ्याची सोय करा, मग उरलेल्या पैशांत ट्रेनर बसवा.

कारण सांगते. रस्त्यावर ताशी 25 च्या वेगानं जाताना तेवढाच वारा सतत अंगावर येतो. घाम येतो तसा सुकतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. खोलीत सायकल जागची हलत नाही. पायांनी 150 वॉट द्यायचे तर शरीराला साधारण 600 ते 750 वॉट खर्चावे लागतात, कारण स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम 20 ते 25 टक्के असते. बाकीची सगळी उष्णता. आणि ट्रेनरला दिलेले ते 150 वॉटही त्याच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन त्याच खोलीत सुटतात. बंद खोलीत तासभर इस्त्री चालू ठेवल्यासारखंच आहे हे.

पहिल्या वर्षी माझ्याकडे फक्त छताचा पंखा होता. सुरुवातीला 120 वॉटला नाडी 130 च्या आसपास असायची. चाळिसाव्या मिनिटाला वॉट तेवढेच आणि नाडी 158. मला वाटायचं, आपला दमच कमी. मग लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसला 18 इंची उभा पंखा आणून समोर ठेवला. त्याच खोलीत, त्याच वॉटला, तासाच्या शेवटी नाडी 140. पायांत काही फरक पडलेला नव्हता, फरक वाऱ्यात होता. छताचा पंखा सायकलवर वाकलेल्या माणसाच्या फक्त पाठीवर वारा टाकतो आणि तीच गरम हवा घुसळत राहतो.

तुमच्याकडे लहान मूल आहे, त्यामुळे उभ्या पंख्याऐवजी भिंतीवरचा घ्या. समोर, तीन-चार फुटांवर, झोत छातीवर आणि तोंडावर येईल असा. रेग्युलेटर किंवा रिमोट सायकलवर बसून हाताशी हवा, कारण सुरुवातीची दहा मिनिटं वारा नको असतो आणि नंतर उतरून पंखा वाढवायचा कंटाळा येतो. शक्य असेल तर सायकलचं तोंड खिडकीकडे करा आणि खिडकीच्या बाजूनंच पंखा लावा, म्हणजे बाहेरची हवा आत येईल. मागचं दार किलकिलं ठेवा. दुसरा छोटा पंखा पाठीमागून मिळाला तर फारच छान.

ठाण्याची अडचण पुण्यापेक्षा मोठी आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतकं बाष्प असतं की घाम सुकतच नाही, नुसता ओघळतो. तेव्हा पंखाही कमी पडतो. त्या खोलीत एसी असेल तर संकोच न करता लावा. 1 टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, एका माणसाची उष्णता त्याला सहज झेपते, आणि हवेतला दमटपणाही उतरतो. पंखा मात्र एसीबरोबरही हवाच. नसेल तर पावसाळ्यात पहाटेची वेळ धरा आणि वॉट थोडे कमी ठेवा.

आता घामाबद्दल. तासाला लिटरभर घाम खोलीत सहज जातो आणि तो सगळा सायकलवर गळतो. हे मी फार उशिरा शिकले. तीन वर्षं मी ट्रेनरवरून उतरले की सायकल वरवर पुसायची आणि दार लावून घ्यायची. एकदा हँडलची टेप बदलायला आमच्या नेहमीच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी टेपचं एक टोक धरून ती हळूहळू उलगडली, तसा खालून पांढरा भुगा पडायला लागला. ॲल्युमिनियमचा. ब्रेकच्या लिव्हरपाशी त्यांनी नखानं खरवडलं तर तिथे पापुद्रा सुटला आणि खाली शेंगदाण्याएवढा खड्डा. काका काही बोलले नाहीत, नुसतं हँडल माझ्या हातात दिलं. त्याच हँडलवर भार टाकून मी त्याच्या आधीच्या रविवारी खंबाटकी उतरले होते. घामातलं मीठ टेपखाली साचून राहतं आणि धातू आतून खातं, वरून काहीही दिसत नाही. हेडसेटची, म्हणजे हँडल वळतं त्या सांध्याची, बेअरिंग आणि स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याचे, बोल्टही असेच गंजतात.

तेव्हापासून माझ्या हँडलवर पंचा असतो. टर्किश टॉवेल नको, तो जड होतो आणि वाळत नाही. साधा सुती पंचा दुहेरी करून हँडल आणि स्टेमवर पसरायचा, दुसरा वरच्या दांडीवर. उतरल्यावर ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. वर्षातून एकदा ग्रिप काढून आतलं हँडल डोळ्यांनी बघायचं, हे विसरू नका. प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या जवळ ठेवा, एकीत चिमूटभर मीठ आणि लिंबू-साखर.

ट्रेनरमध्ये दोन जाती. एकात मागचं चाक तसंच ठेवून ते रोलरवर टेकवायचं, दुसऱ्यात चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचावर) चढवायची, त्याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. पहिला स्वस्त, पण टायर झिजतो, काळा भुगा पडतो, आवाज जास्त, आणि वॉटचा आकडा टायरच्या हवेवर हलतो. सातव्या मजल्यावर, खाली शेजारी असताना, मी डायरेक्ट ड्राइव्हच सुचवेन. वापरलेला मिळाला तरी चालेल. लॉकडाऊनमध्ये घेतलेले बरेच ट्रेनर सायकल ग्रुपवर विकायला येतात. घेताना अर्धा तास स्वतः चालवून बघा, बेअरिंगचा खरखर आवाज येतो का ऐका, आणि ब्लूटूथवर फोनशी जोडून प्रतिकार बदलतो का पाहा.

तुमची सायकल आठ गिअरची, म्हणजे ट्रेनरवर आठचीच कॅसेट लागेल. ती बसवायला चेन व्हिप आणि लॉकरिंगचा पाना लागतो. ते विकत घेण्यापेक्षा एकदा दुकानातूनच बसवून घ्या. मागे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेक दाबायचा नाही. पिस्टन बाहेर येतात आणि पॅड चिकटून बसतात. पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा किंवा जाड पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवा.

दोघांची उंची वेगळी असणार. सीटपोस्टवर दोन रंगांच्या इलेक्ट्रिकल टेपनं खुणा करा, म्हणजे रोज मोजायला नको. उंचीत फारच फरक असेल तर स्पिन बाइकचा विचार येतो, कारण तिचं सगळंच पुढे-मागे होतं. पण तुमच्या घरात मी ती आणणार नाही. बऱ्याच स्पिन बाइकमध्ये चाक पायडलला थेट जोडलेलं असतं. आपण पाय थांबवले तरी जड चाक फिरतच राहतं आणि पायडलही.

मुलाबद्दल हेच मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. फिरती चेन, डिस्क, चाकाचे आरे आणि ट्रेनरचं चाक, या चारही जागा लहान बोटांसाठी भयंकर आहेत. हेडफोन लावलेले असताना मूल मागून आलेलं कळत नाही. दाराला वरच्या बाजूला, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी लावा. दार किलकिलं ठेवायचं असेल तर आतून साखळी. दोघांपैकी एकजण सायकलवर असेल तेव्हा मुलगा दुसऱ्याकडे, आणि कानात एकच बड. वापर संपला की ट्रेनरची वायर काढायची. माझ्या भावाचा मुलगा चार वर्षांचा असताना चालू ट्रेनरच्या चेनपासून वीतभर अंतरावर आला होता. मी पाय थांबवले, पण चेन थांबायला जो क्षण गेला तो अजून आठवतो.

आवाजाचं म्हणाल तर चेनची घरघर शेजाऱ्यांपर्यंत फारशी जात नाही. जाते ती स्लॅबमधून उतरणारी थरथर. स्लॅब मधोमध जास्त हलतो, बीम आणि कॉलमजवळ कमी. म्हणून ट्रेनर खोलीच्या मध्यात न ठेवता बीमच्या कडेला ठेवा. खाली 12 मिमीचं प्लायवूड, त्याखाली 15 ते 20 मिमीचं रबर. लहान मुलांच्या खोलीत घालतात ते रंगीत फोमचे तुकडे ट्रेनरखाली दबून जातात, ते नकोत. व्हिट्रिफाइड टाइलवर घाम पडला की पाय सटकतो, त्यामुळे मॅट सायकलपेक्षा फूटभर मोठी असू द्या. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही जमिनीवर नको, भिंतीला लावा. आणि खालच्या मजल्यावर एकदा चहाला जाऊन सांगून या की सकाळी सहाला थोडा आवाज येईल, त्रास झाला तर कळवा. आमच्या खालच्या काकूंनी सातनंतर चालव म्हटलं, मी सातनंतर चालवते. विषय संपला.

स्लॅबला वजन झेपेल का, ही तुमची काळजी समजते. घराच्या खोल्या दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून बांधतात. सायकल, ट्रेनर, माणूस आणि शंभर किलो वजनं पसरून ठेवली तर काही होत नाही. वजन उंचावरून टाकायचं मात्र नाही.

वजनांचं सामान थोडकंच पुरेल. पाच ते वीस-बावीस किलोपर्यंत कमी-जास्त होणारी डंबेलची एक जोडी, एक मजबूत बाक, 12 किंवा 16 किलोची एक केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा. लोखंडी प्लेट किलोच्या भावानं मिळतात, त्या पुढे लागतील तशा घ्या. सायकलवाल्याला पाठ आणि मांडीची मागची बाजू मजबूत लागते, तीन-चारशे ग्रॅमनं सायकल हलकी करण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त. डंबेल छातीशी धरून बैठका, कमरेतून वाकून उचलणं, एका हातानं बाकावर टेकून ओढणं, आणि आपले जोर. आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास. जोर-बैठकांना तालमीत पिढ्यान्‌पिढ्या जागा आहे ती उगाच नाही. त्या दोन फरशांवर होतात. डोक्यावर वजन उचलताना मात्र छताच्या पंख्याखाली उभं राहू नका.

पुल-अप बार लावायचा असेल तर आधी भिंत कसली आहे ते बघा. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या असतात, हलक्या आणि पोकळ रंध्रांच्या. साधा अँकर त्यातून उपटून येतो, माणसासकट. मायवान पद्धतीची इमारत असेल तर भिंत काँक्रीटची, ती धरेल, पण आत वायरिंगचे पाइप असतात. बिल्डरचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रिल लावू देऊ नका.

माझी आई 78 वर्षांची आहे. तिची जागाही याच खोलीत आहे, भिंतीला टेकवलेली एक चार पायांची खुर्ची. हात न लावता उठायचं-बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तुमच्याकडे कोणी वडीलधारे येऊन-जाऊन असतील तर त्यांच्यासाठी एक कोपरा राखा.

बीआरएमला 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून ताशी 15 सुद्धा पुरतात. त्यामुळे खोलीत रोज जीव काढायची गरज नाही. आधी 20 मिनिटं जमेल तेवढं सलग जोरात चालवून सरासरी वॉट बघा, त्याच्या 95 टक्के म्हणजे तुमचा अंदाजे एफटीपी, साधारण तासभर टिकवता येतील तेवढे वॉट. आठवड्यात एक दिवस त्याच्या 56 ते 75 टक्क्यांत दीड तास, एक दिवस 90 टक्क्यांच्या आसपास 15-15 मिनिटांचे दोन तुकडे, एक दिवस हलका तासभर. रविवारी बाहेर, लांब. खोलीत सायकल डावी-उजवीकडे डोलत नाही, त्यामुळे बुड आणि नाजूक भाग बधिर होतात. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून पायडल मारा आणि पॅडची चड्डी खोलीतही घाला. ट्रेनरला जोडायच्या ॲपमध्ये मायवूश फुकट आहे, झ्विफ्टला दरमहा वर्गणी पडते. सुरुवात फुकटातल्यानं करा.

पैशांची वाटणी मी अशी करेन: पंखे, मॅट, प्लायवूड, कडी आणि इलेक्ट्रिशियन यांना आधी दहा हजार बाजूला. मग ट्रेनर, वापरलेला असेल तर उत्तम. उरेल त्यात डंबेल आणि बाक. काही हजार हातात ठेवा, पहिल्या दोन महिन्यांत काय कमी पडतंय ते कळतं.

मागच्या चाकाचा गिअरच्या बाजूनं एक फोटो टाका, आणि चाक काढायला हातानं उघडायची कळ आहे की पाना लावून फिरवायचा एक्सल, तेही लिहा. त्यावरून सायकल ट्रेनरवर बसवायला कोणता ॲडॉप्टर लागेल ते सांगते.