पेटीत काय काय भरलं होतं, ते विचार

पोरी,

बर्लिनच्या व्हिएतनामी मजुरांवर कोर्ससाठी फिल्म करायलीस, तिचा रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, दोनदा बघितला. एकदा मोबाईलवर, बसस्टँडवर अंबाजोगाईच्या गाडीची वाट बघत, अन् मग रात्री घरी हेडफोन लावून. कॅमेरा चांगला चालवायलीस, माझ्यापेक्षा चांगला, त्यात वाद नाही. पण सुरुवातीचा तो वाफाळलेला सूपचा वाडगा, काचेवरचा पाऊस अन् खाली पियानो, हे आधी काढ बाई. व्हिएतनामी माणूस दाखवायचा तर सूप, अन् आपला शेतकरी दाखवायचा तर भेगाळलेली जमीन. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा इतके कॅमेरे फिरले की आमच्या इथली पोरं कॅमेरेवाला दिसला की स्वतःच विचारायची, 'भेगा बघायच्यात का, तिकडं तळ्यात हायेत.'

आता त्या मावशीची, करारावर पूर्व जर्मनीत कामाला आलेल्या व्हिएतनामी बाईची, मुलाखत. पहिलाच प्रश्न तू टाकलास, तुम्ही जर्मनीत का आलात, अन् तिनं उत्तर कसं दिलं बघ, गरिबी होती, युद्ध सरून थोडीच वर्षं झालती, घरी मदत करायची होती, एका दमात, कुठं अडखळली नाही. कामून अडखळंल? पस्तीस-चाळीस वर्षं तिला हाच प्रश्न ऑफिसातल्या बाबूनं विचारलाय, शेजाऱ्यानं विचारलाय, लेकराच्या शाळेतल्या बाईनं विचारलाय, उत्तर घासून घासून गुळगुळीत झालंय. तू पण व्हिसाच्या टायमाला असंच पाठ केलतंस ना, मीच तीनदा उजळणी घेतली तुझी, जर्मनीच का, हाच कोर्स का, परत येणार का. खोटं काही नव्हतं त्यात. पण तेवढ्यावर कुणी तुझी बारा मिनिटांची फिल्म केली असती तर तुला चाललं असतं का?

आमच्याकडं ऊसतोडीचं तसंच. दसरा-दिवाळी झाली की बीड, धारूर, पाटोदा, वडवणीकडच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, अन् कुणीही माइक पुढं धरला की प्रश्न ठरलेला, उचल किती घेतली, म्हणजे मुकादमाकडून, टोळीच्या ठेकेदाराकडून, आगाऊ पैसे किती घेतले, अन् फिटली का. उत्तर पण ठरलेलं, 'काय करावं साहेब, पोटासाठी जावं लागतं.' माझ्या जुन्या कॅसेटी लावल्यास तर नुसतं हेच ऐकू येईल. मग एकदा असंच, बॅटरी बदलत होतो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून एका बाईला विचारलं, जाताना गाडीत काय काय भरता हो? अन् ती पाऊण तास बोलली. तवा, परात, बाजरीचं पीठ, खुराड्यासकट कोंबड्या, लेकराच्या झोळीची साडी, ह्या बारीला शेळी न्यायची का सासूपाशी ठेवायची ह्याच्यावरून झालेलं भांडण, थोरल्या पोरीला शाळेसाठी मागं ठेवलं ते, अन् घराच्या कुलपाची किल्ली सासूकडं न देता शेजारणीकडं का दिली ते. अर्धा कोयता म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटं माणूस म्हणजे अर्धा, हे मला आधी माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं.

तुझ्या मावशीकडं पण पेटी होती. १९८० ला पूर्व जर्मनी अन् व्हिएतनामचा करार झाला, बर्लिनची भिंत पडली त्या १९८९ पर्यंत साठेक हजार व्हिएतनामी मजूर तिथल्या कारखान्यांत होते, ठराविक वर्षांची बोली, हॉस्टेलात माणशी पाच चौरस मीटर जागा, हे सगळं तू व्हॉइसओव्हरमध्ये सांगितलंस, जरा पेपर वाचल्यासारखं सांगितलंस, पण सांगितलंस. सोडलंस काय तर, पूर्व जर्मनीचा पैसा बाहेर चालत नव्हता म्हणून ही माणसं घरी सामान पाठवायची. लाकडी पेट्या भरभरून. सायकली, मोपेड, शिलाई मशीन, कापड, साबण अन् साखर. साखर! मी बीडच्या बाजूचा माणूस, मला तर तिथंच अख्खी फिल्म दिसायली. रात्री हॉस्टेलवर जीन्स शिवून विकायची ही मंडळी, वरचा पैसा तिथून. तर तिला विचार, पेटी केवढी होती, कुणी ठोकली, काय बसलं नाही म्हणून मागं राहिलं, कुणासाठी काय होतं, सगळं पोचलं का. बोलता बोलता ती हातानं पेटीचं माप दाखवंल. तेवढा वेळ कॅमेरा चेहऱ्यावर ठेवू नको, हातावर ठेव.

आता जिथं मला राग आला ते. वाईट वाटून घेऊ नको. आठव्या मिनिटाला तू तिला गरोदरपणाचं विचारलंस. करारावरच्या बाईला दिवस गेले की गर्भपात नाहीतर परतीचं विमान, हे खरंय, कागदोपत्री आहे, सांगायलाच पाहिजे. पण ती गप झाली अन् तू झूम केलंस. बावीस सेकंद. मी मोजले.

२०१९ ला आपल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या, म्हणजे गर्भाशय, काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारची समिती बसली, अन् मग गावोगाव कॅमेरे. एक दिवस खाडा झाला की पैसे कापतात, पाळीच्या दिवसातही मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवावी लागते, फडात ना आडोसा ना पाणी, हे विचारायला वेळ कुणाला, सगळ्यांना आकडा पाहिजे अन् डोळ्यात पाणी पाहिजे. मी त्या वर्षी एका वस्तीवर गेलतो, कॅमेरा बाहेर पण काढला नव्हता, नुसती ट्रायपॉडची बॅग खांद्याला, तर ओट्यावरून एक म्हातारी ओरडली, 'अगं आत व्हा, पिशवीवाले आले.' मी तसाच माघारी फिरलो. तो झूम काढ. गोष्ट सांग, तुझ्या आवाजात सांग, ते हॉस्टेल अजून उभं असंल तर त्याच्या खिडक्यांवर सांग, तिच्या तोंडावर नको.

अन् ऑगस्ट १९९२ ला जर्मनीतल्या रोस्टॉक शहरात काय झालं ते नीट वाच. व्हिएतनामी मजूर राहत होते ती बिल्डिंग जमावानं पेटवली, आत शंभरेक माणसं, टीव्हीवाले पण आतच अडकलेले, अन् खाली बघे टाळ्या वाजवत होते. त्या वयाचा माणूस कॅमेरा दिसला की रस्ता बदलत असंल तर डायरीत 'लोक सहकार्य करत नाहीत' असलं काही लिहू नको.

परवानगीचं तुझ्या मेसेजमध्ये एकच ओळ होती, 'काका, फॉर्म सगळे साइन झालेत.' माझं सांगतो. पहिल्या ऊसतोडीच्या फिल्ममध्ये एक जोडपं कॅमेऱ्यापुढं सगळं बोललं, मुकादमानं हिशोबात रक्कम कशी फुगवली, कारखान्यावर काय झालं, सगळं. कागदावर अंगठे होते. फिल्म पुण्यात दाखवली, लोकांनी वाहवा केली, मला लई भारी वाटलं. मग तीच फिल्म कुणीतरी तालुक्याच्या केबलवर लावली. पुढच्या हंगामात त्या जोडप्याला एकाही मुकादमानं उचल दिली नाही, ते बांधकामावर गेले, कुठं ते मला नंतर कळलंच नाही. अंगठ्याचे कागद अजून आहेत माझ्याकडं, कपाटात. तिकडं जर्मनीत माणसाच्या स्वतःच्या फोटोवर त्याचा हक्क आहे असा कायदा १९०७ पासूनचा आहे, तुझा फॉर्म पक्का असणार, पण तो जर्मनमध्ये आहे अन् मावशी जर्मन वाचत नाही असं तूच म्हणलीस. फॉर्म तिच्या भाषेत कुणाकडून तरी वाचून घे. अन् कट तयार झाला की तिला बसवून दाखव, मग पुन्हा विचार. शूटला माणूस हो म्हणतो ते तुझ्याकडं बघून, तू गोड पोरगी आहेस, चहा पिलीस त्यांच्याकडं, नाही कसं म्हणतील.

दुभाष्या म्हणून मावशीच्याच नातवाला बसवलंस, ही मोठी चूक. आजी चार मिनिटं बोलती अन् पोरगा म्हणतो, ती म्हणती थंडी लई होती. बाकीचं गेलं कुठं? आजी पण नातवासमोर काय बोलणार, आपली आजी तरी बोलंल का. युनिव्हर्सिटीत व्हिएतनामी शिकणारं कुणी असंल, तिथलीच एखादी विद्यार्थिनी असंल, तिला थोडे पैसे देऊन बसव, अन् जागेवर भाषांतर करून घ्यायच्या नादी लागू नको, बोलू दे सलग, नंतर टेबलावर ओळ न् ओळ उतरवून घे. वेळखाऊ आहे, मला माहितीय. त्या चार मिनिटांत काय होतं ते मला अजून टोचायलंय.

आवाजाचं. शूट केलंस त्या दुकानात मागं जो गूं आवाज येतोय तो फ्रीजरचा. मालकाला विचारून दहा मिनिटं बंद कर अन् तुझी रूमची चावी त्या फ्रीजरमध्ये ठेव, म्हणजे चालू करायचं विसरून घरी जाता येणार नाही. नाहीतर मासळी नासली तर डॉक्युमेंट्री राहील बाजूला. कॉलर माइक त्या फुगीर जॅकेटच्या आत लावू नको, खसखस ऐकू येती. अन् निघायच्या आधी खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड कर, सगळ्यांना गप बसवून. डिसेंबरात तिकडं चारला अंधार पडतो म्हणे, तर मुलाखती सकाळी खिडकीपाशी घे, लाइट भाड्यानं आणायची गरज नाही.

आणखी एक, तू सारखं 'बर्लिनचा व्हिएतनामी समाज' म्हणतीस. कोणता? पूर्व बर्लिनमधल्या लिख्टेनबर्गला डोंग शुआन सेंटरच्या, त्या व्हिएतनामी बाजाराच्या, आसपास भेटतात ते बहुतेक उत्तरेकडून करारावर आलेले, अन् पश्चिम बर्लिनमधले लई जण दक्षिणेतून बोटीत बसून पळालेले, निर्वासित म्हणून घेतलेले. एकाच भाषेची माणसं पण एकमेकांच्या दुकानात जातात का हे विचारून बघ. आपल्या नांदेडला नाही का, गुरुद्वाऱ्यापाशी बाहेरच्याला सगळे सरदारजी एकच वाटतात, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच झालेले, घरात मराठी-दखनी बोलणारे शीख वेगळे अन् पंजाबातून अलीकडं आलेले वेगळे. अन् परभणीत तुझ्याच गल्लीत ते चाऊस मामू राहतात, पूर्वज येमेनच्या हद्रमौतवरून निजामाच्या फौजेत आलेले, त्यांना तू वीस वर्षांत एकदा तरी विचारलंस का? मी पण नाही विचारलं, त्यामुळं तुला काय बोलणार.

दाखवायचं म्हणलो त्यावरून आठवलं. ऊसतोडीवरची दुसरी फिल्म मी फडाजवळच कोप्यांवर, मजुरांच्या झोपड्यांपाशी, दाखवली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चादर बांधून. जिथं मी दुःखाची बासरी टाकली होती तिथं सगळे खो खो हसायला लागले, कारण मागं एकाचा बैल दुसऱ्याचं वाढं, उसाच्या शेंड्याचा चारा, खात होता अन् मला एडिट करताना तो बैल दिसलाच नव्हता. त्यावरून त्यांच्यात महिनाभर भांडण चाललं होतं म्हणे. मी बासरी काढली, बैल ठेवला. तुझ्या फिल्ममध्ये पण असा एखादा बैल असणार, तो तुझ्या प्रोफेसरला दिसणार नाही, मला तर नाहीच, त्या मावशीला अन् तिच्या मैत्रिणींना दिसंल. सबमिशनच्या आधी दाखव, नंतर नको.

ती तुला विचारंल, तू कुठली, घरी कोण, रूमचं भाडं किती. खरं खरं सांग, डिलिव्हरीचं काम करतीस ते पण सांग. पण ते फिल्ममध्ये टाकायची गरज नाही.

दुसरा कट झाला की पाठव. लिंकला परमिशन देऊन पाठव, मागच्या टायमाला दोन दिवस उघडलीच नाही अन् मला वाटलं माझंच नेट गेलं. आई कालच भेटली मोंढ्यात, तिला सांगितलं तू जेवायलीस नीट, तेवढं खरं कर. अन् साखरेचं नक्की विचार, किती किलो पाठवली अन् पोचली का.

काका