एडिटिंग भाच्याकडून करून घेऊ नका

नमस्कार ताई,

तुमची मुलगी आयबी डिप्लोमाच्या (अकरावी-बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) पहिल्या वर्षाला आहे, फिल्म विषय हायर लेव्हलला, म्हणजे वरच्या पातळीवर. तिच्या तीन मिनिटांच्या फिल्मच्या खर्ड्यावर बाईंनी एकदाच शेरे दिले, तेही नुसते प्रश्न, आणि 'आता अंतिमच आण' म्हणाल्या. एवढी फी भरून चुका का दुरुस्त करत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तुमचा भाचा मालिकांचं एडिटिंग करतो, त्याने हात फिरवला तर चालेल का?

नाही चालणार. पोर्टफोलिओत, म्हणजे गुणांसाठी जमा करायच्या कामाच्या संग्रहात, तिने एडिटरची भूमिका घेतलीय, म्हणजे प्रत्येक कट तिचाच हवा. काम विद्यार्थ्याचंच आहे अशी ग्वाही शाळेला आयबीकडे द्यावी लागते. त्यात खोट निघाली तर प्रकरण गुण कापण्यावर थांबत नाही.

बाईंचं म्हणाल, तर त्यांनी नियम पाळलाय. एकाच खर्ड्यावर सल्ला द्यायचा, स्वतः काही दुरुस्त करायचं नाही, आणि त्यानंतर येईल ते अंतिम, असा आयबीचा दंडक आहे. पण खर्ड्याच्या आधी शिकवण्यावर असं बंधन नाही. दर आठवड्याला चर्चा होते का, कॅमेऱ्याचे आणि आवाजाचे सराव होतात का, हे पालकसभेत जरूर विचारा. तो तुमचा हक्कच आहे.

तुम्ही पाठवलेली फिल्म मी तीनदा पाहिली. आजी तेलात मोहरी टाकते, मोहरी तडतडते आणि दृश्य थेट दाराबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर जातं. एक खण रिकामा. मोहरीचा आवाज मात्र त्या रिकाम्या खणावर दोनेक सेकंद रेंगाळतो. बाईंनी नेमकं इथेच लिहिलंय, 'इथेच का तोडलंस?' तुमच्या लेकीला ती चूक वाटली आणि ती रडली. ताई, मला तर अख्ख्या फिल्ममधली तीच जागा सगळ्यात चांगली वाटली. आजोबा गेल्यावर स्वयंपाकघर चालूच राहिलं, हे तिने एकही शब्द न वापरता सांगितलंय. बाईंना उत्तर हवंय, आणि ते तिच्याकडे आहे. फक्त कागदावर यायचंय.

कारण गुण तिथे आहेत. पोर्टफोलिओत तीन भूमिका, प्रत्येकी जास्तीत जास्त ३ पानं लिखाण आणि ३ मिनिटांची रील, म्हणजे त्या भूमिकेतल्या कामाची चित्रफीत. तिन्ही भूमिका मिळून पानांना १२ गुण आणि रीललाही १२. निम्मं काम लिहिण्याचं आहे, आणि मुलं नेमकी ते शेवटच्या रात्री उरकतात. तिला आजपासून प्रत्येक खर्डा वेगळ्या नावाने सेव्ह करायला सांगा, एडिटिंगच्या टाइमलाइनचे (तुकडे क्रमाने लावलेली पट्टी) स्क्रीनशॉट ठेवायला सांगा. आधी कट कुठे होता, मग का हलवला, याच्या दोन ओळी त्याच दिवशी लिहून काढायच्या. शेवटी वाजणारं जुनं सिनेमातलं गाणं काढून टाकावं लागेल. संगीत स्वतः केलेलं किंवा हक्कमुक्त हवं. मला विचाराल तर तिथे भांड्यांचा आवाज पुरे.

तिच्या बाबांना 'पुढे काय' याची काळजी आहे. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत दिग्दर्शन किंवा एडिटिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आधी पदवी लागते. म्हणजे बारावीनंतर निदान तीन वर्षं हातात आहेत. त्या काळात तिने साहित्य घ्यावं, इतिहास घ्यावा, मानसशास्त्र घ्यावं, काहीही मन लावून शिकावं. आयबीतले सहा विषय आहेत, फिल्म त्यातला एक. बाकीचे पाच सुटू देऊ नका.

भाच्याला मात्र एका रविवारी घरी बोलवा. त्याच्या स्वतःच्या जुन्या फुटेजवर त्याने तिला आवाजाचे थर कसे लावतात ते शिकवावं. तिची फाइल त्या दिवशी उघडायची नाही.