हरून मिळवलेला पहिला क्रमांक

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो आणि तरुणपणी इथल्या मातीच्या मैदानांवर हॉकी खेळलो आहे. माझी मुलगी अमेरिकेत बफेलोला असते. तिच्याकडे गेलो असताना अकरा वर्षांच्या नातवाने मला आइस हॉकीतल्या खेळाडू-निवडीची सोडत दाखवली आणि हळहळत म्हणाला, “आजोबा, आपला संघ अजून थोडा हरला असता तर पहिला नंबर मिळाला असता.” आमच्या काळी असे बोललो असतो, तर मास्तरांनी स्टिक काढून घेतली असती. कमकुवत संघाने अशा वरच्या क्रमांकांच्या भरवशावर संघ नव्याने उभा करावा, हे आपल्याला पटते का? आणि आपल्या हॉकी इंडिया लीगने ही पद्धत घ्यावी का?

उत्तर : नातवाला रागावू नका. त्याच्या गावात मोठी माणसेही असेच बोलत होती. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकीच्या मुख्य लीगमध्ये, दरवर्षी अठरा वर्षांच्या आसपासच्या खेळाडूंची निवड, म्हणजे ड्राफ्ट, होते आणि ढोबळमानाने आदल्या हंगामात जो तळाला राहिला त्याला आधी निवडण्याची संधी मिळते. 2015 साली कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल हे दोन असामान्य तरुण उपलब्ध होणार होते. त्या मार्चमध्ये बफेलो सेबर्स घरच्या मैदानावर ॲरिझोनाविरुद्ध जादा वेळेत हरले, तेव्हा पाहुण्यांच्या निर्णायक गोलवर बफेलोच्याच प्रेक्षकांनी जल्लोष केला. खेळाडू मान खाली घालून बाहेर पडत होते आणि वरून टाळ्या पडत होत्या. एवढे करून संघ शेवटचा आला, पण सोडतीत पहिला क्रमांक एडमंटनने नेला. बफेलोच्या वाट्याला दुसरा क्रमांक, म्हणजे आयकल आला.

तुम्ही जी सोडत पाहिली तिचे गणित एकदा नातवाबरोबर मांडून पाहा. यंत्रात 14 चेंडू असतात आणि त्यांतले चार बाहेर येतात. त्यांच्या 1001 जोडण्या होतात. एक बाद धरून उरलेल्या हजार जोडण्या प्लेऑफला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीला, न पोहोचलेल्या संघांत वाटतात आणि तळाच्या संघाला जास्त देतात. सध्याच्या नियमांनी शेवटच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता 25.5 टक्के आहे, म्हणजे वर्षभर हरूनही चारांत तीन वेळा तो दुसऱ्याकडे जाणार. मुद्दाम हरण्याचा मोह आवरावा म्हणूनच 1995 पासून ही सोडत आली.

वरचे क्रमांक निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. पिट्सबर्गने 2003 ते 2006 या चार वर्षांत दोनदा पहिली आणि दोनदा दुसरी निवड केली, त्यांत मॅल्किन आणि क्रॉस्बी हाती लागले, आणि 2009 साली स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, आला. शिकागोनेही टेव्स आणि केन यांना वरच्याच क्रमांकांवर घेऊन 2010 ते 2015 या काळात तीन चषक जिंकले. पण शिकागोच्या बचावाचा कणा असलेला डंकन कीथ 54 व्या क्रमांकावर निवडलेला होता, हे सांगायचे राहून जाते. टँपा बेची कथाही तशीच आहे. स्टॅमकोस पहिला आणि हेडमन दुसरा हे खरे, पण 2020 आणि 2021 चे चषक आले ते 58 व्या क्रमांकाच्या कुचेरोव्हला आणि 79 व्या क्रमांकाच्या पॉइंटला बरोबर घेऊन. वरचा क्रमांक सगळ्यांनाच दिसतो. खालून माणूस ओळखणारी नजर ज्या संघाकडे आहे, तोच पुढे जातो, असे माझे मत आहे. कोलोरॅडोचे उदाहरण तर गमतीचे आहे. 2016-17 मध्ये ते अवघे 48 गुण मिळवून तळाला गेले आणि तेव्हाच्या नियमांमुळे सोडतीत थेट चौथ्या क्रमांकावर घसरले. गावभर हळहळ झाली असेल. त्या चौथ्या क्रमांकावर त्यांनी केल मकारला घेतले आणि 2022 साली चषक उचलला.

याच्या उलट एडमंटन. 2010, 2011 आणि 2012 असे सलग तीन पहिले क्रमांक मिळूनही त्यांना प्लेऑफचे तोंड दिसले नाही. 2015 साली मॅकडेव्हिड आला, त्या हंगामातही नाही; एकूण दहा हंगाम कोरडे गेले. तिघांपैकी याकुपोव्ह तर 2018 नंतर एनएचएलमध्ये दिसलाच नाही. चूक त्या पोरांची नव्हती. बचाव ढासळलेला, गोलरक्षक डळमळीत, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर अख्खे घर, अशी ती स्थिती होती.

याबाबतीत मला तुमच्याच गावाचे एक दृश्य आठवते. ग्वाल्हेरच्या राज्य महिला हॉकी अकादमीच्या मैदानावर एका सकाळी सराव पाहत उभा होतो. नुकतीच आलेली, चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी बचावात उभी होती आणि प्रत्येक वेळी चेंडूमागे धावत सुटत होती. शेजारची थोराड मुलगी काही न बोलता आपल्या स्टिकच्या टोकाने तिच्या स्टिकवर टक्‌ करून मारायची की ही दोन पावले मागे सरायची. पाऊण तासात त्या टकटकीची गरज उरली नाही. पडझड झालेला संघ, नवखे खेळाडू स्वस्तात मिळतात म्हणून, सगळे अनुभवी खेळाडू विकून टाकतो, तेव्हा ही टकटक करणारेच कोणी उरत नाही. बफेलोत नेमके हेच झाले असे मला वाटते. 2018 आणि 2021 साली पुन्हा पहिला क्रमांक मिळूनही 2011-12 ते 2024-25 असे सलग 14 हंगाम तो संघ प्लेऑफबाहेर राहिला. आयकल 2021 साली व्हेगासला गेला आणि दोनच वर्षांत तिथे चषक जिंकला. व्हेगासचा संघ जन्मला 2017 साली, आणि तळाला जाऊन वाट पाहण्याची पाळी त्याच्यावर आलीच नव्हती.

तेव्हा माझा सल्ला असा : तिशी ओलांडलेल्या आणि करार संपत आलेल्या खेळाडूंना वेळीच देऊन त्यांच्या बदल्यात पुढच्या निवडी जरूर घ्याव्यात, कारण पगाराची मर्यादा असलेल्या लीगमध्ये नवखे खेळाडू स्वस्त पडतात. मात्र एक भरवशाचा गोलरक्षक आणि दोन-तीन जाणते बचावपटू कितीही मागणी आली तरी सोडू नयेत. हरल्यामुळे वरचा क्रमांक मिळाला तर घ्यावा. त्यासाठी हरू नये.

हॉकी इंडिया लीगचा प्रश्न थोडक्यात संपतो. तिथे ड्राफ्ट नसून लिलाव आहे. 2024 च्या लिलावात हरमनप्रीत सिंग 78 लाखांना गेला, आणि त्याला घेण्यासाठी कोणालाही आधी तळाला जावे लागले नाही. आपल्याकडे मुले अकादम्यांतून वर येतात, तेव्हा लीगने लिलावच ठेवावा.

आणि नातवाला सांगा, ड्राफ्टच्या पहिल्या दिवशी फक्त पहिली फेरी होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या सहा फेऱ्या होतात, तेव्हा बहुतेक लोक उठून गेलेले असतात. त्या दिवशी आपल्या संघाने निवडलेली नावे त्याने वहीत लिहून ठेवावीत आणि पाच वर्षांनी तुम्हाला वाचून दाखवावीत.