ऑर्लँडोत टाइमशेअर घेतलास? आधी तारीख बघ

अगं, रडत बसू नकोस. टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधली खोली दरवर्षी ठरावीक दिवस वापरायचा विकत घेतलेला हक्क. ऑर्लँडो फ्लोरिडात आहे, आणि फ्लोरिडाच्या कायद्यानं असा करार रद्द करायला 10 दिवस मिळतात, शनिवार-रविवार धरून. सहीचा दिवस किंवा शेवटचा कागद हाती पडला तो दिवस, यांतला जो नंतरचा, तिथून मोज. (नेवाडात पाचच असतात.) "हक्क सोडला" असं लिहून घेतलं असेल, तरी तो सुटत नाही.

सेल्सवाल्याला फोन करू नकोस. गोड बोलून तो तुझा आठवडा खाईल. सरळ एका पानाचं पत्र लिही: करारात आहे तसंच नाव, करार क्रमांक, खरेदीची तारीख, आणि "मी हा करार रद्द करत आहे." कारण देऊ नकोस, दिलंस की समजूत घालायला त्यांना वाट मिळते. करारावर नवऱ्याचीही सही असेल तर पत्रावर दोघांच्या सह्या कर. पत्ता करारातल्या रद्द करण्याच्या कलमात छापलेलाच घ्यायचा, रिसॉर्टच्या काउंटरचा नाही.

पाठवायचं सर्टिफाइड मेलनं (अमेरिकी पोस्टाची नोंद ठेवणारी डाक), रिटर्न रिसीटसकट (पत्र पोचल्याची सहीची पोच). टपालाचा शिक्का मुदतीत पडला की झालं, पोचायला उशीर झाला तरी चालतो. म्हणूनच पेटीत न टाकता पोस्टाच्या खिडकीवर जा आणि शिक्का मारलेली पावती घे. सही केलेल्या पत्राचा, पावतीचा आणि ट्रॅकिंगच्या पानाचा लगेच फोटो काढ. माझी पावती दोन महिन्यांत पुसून कोरी झाली होती, फोटोनं वाचवलं.

पैसे कार्डावर जमा झालेले दिसेपर्यंत फाइल टेबलावरच राहू दे.