भूतशंका-समाधान

प्रश्न : आमची सोसायटी पुनर्विकासाला गेलीय. अंगणातला पिंपळ तोडणार म्हणतात. त्यावरच्या मुंजाचं काय?

हे बिल्डरला विचारायला हवं होतं, पण असो. मुंज झाली आणि सोडमुंजीआधीच गेला, तो मुंजा. म्हणजे वय आठ-दहा, लंगोटी, शेंडी, हातात दंड. त्याला कार्पेट एरिया कळत नाही. कुंडीतला पिंपळ चालेल का, यावर जाणकारांचं एकमत नाही. माझ्या मते चालणार नाही. फांदीवर पाय सोडून बसता आलं पाहिजे, ही त्याची किमान अट.

प्रश्न : हडळीचे पाय उलटे, मग ती चपला कशा घालते?

अनवाणी असते. पुढचा प्रश्न.

प्रश्न : मग आरवलीच्या वेतोबाला चपला का वाहतात?

दोघांना एका पंगतीला बसवू नका! वेताळ हा भुतांचा अधिपती, आणि वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीत तर तो गावाचा राखणदार देव. रात्री गावभर फिरून राखण करतो, चालून चालून चपला झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपलांचा जोड. हे मी थट्टेत सांगत नाही, देवळात जाऊन बघा. ते जोड साध्या माणसाच्या पायात राहायचे नाहीत. राखण त्याने करायची, पायताण गावाने पुरवायचं. व्यवहार चोख आहे. आमच्या इमारतीच्या रखवालदाराने बारा वर्षांत एक तळवा झिजवलेला नाही.

प्रश्न : गिऱ्हाचा केस हाती लागला तर तो जन्मभर चाकरी करतो म्हणे. केस ठेवायचा कुठे?

आधी मिळवा तर खरं. गिऱ्हा पाण्यातला, इथून उतार आहे म्हणत माणसाला पुढे नेतो आणि बुडवतो. केस मिळालाच, तर मांडी चिरून आत ठेवायचा आणि वरून शिवायचं, असं कोकणात सांगतात. बँकेचा लॉकर चालत नाही. तो रोज रात्री दारात येऊन रडवेल्या आवाजात केस मागतो, आणि चौथ्या दिवशी बायकोच म्हणते, “अहो, द्या की त्याचं त्याला.”

प्रश्न : चकवा मोबाईलमधला नकाशाही फिरवतो का?

त्याला गरजच काय? चकव्याचा सगळा कारभार तुमच्या पायांवर. चालत राहिलात की त्याच बांधावर परत येता, खाली बसलात की त्याचं काम थांबतं. कोंबडा आरवेपर्यंत बसून राहा. गेल्या पावसाळ्यात नकाशाने मला थेट भाताच्या खाचरात उतरवलं, तेव्हा कोंबडा आरवून चार तास झाले होते. ते चकव्याच्या नावावर टाकू नका.